सलग पाच दिवस ४२ अंश: मॅट्रिक्समधून अटीत बसणारे कॉलम कसे निवडायचे

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे आर या संगणकीय भाषेत एक मॅट्रिक्स, म्हणजे ओळी आणि कॉलमांचा आकड्यांचा तक्ता, आहे. १ एप्रिल ते ३१ मे असे दिवस, म्हणून ६१ ओळी. खानदेशातले तालुके, म्हणून २५ कॉलम: जळगाव जिल्ह्याचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६. प्रत्येक घरात त्या तालुक्याचं त्या दिवसाचं कमाल तापमान. ज्या तालुक्यांत ४२ अंश किंवा त्याहून जास्त तापमान सलग पाच दिवस राहिलं ते तालुके तुम्हाला वेगळे काढायचे आहेत. तुम्ही व्हिच, म्हणजे अटीत बसणाऱ्या घरांचे क्रमांक देणारं फंक्शन, लावलं तर १३४० असे आकडे आले आणि कॉलम तर फक्त २५ आहेत. मग अप्लाय, म्हणजे एकेका कॉलमला एखादं फंक्शन लावणारं फंक्शन, लावलं तर काही तालुक्यांपुढे ट्रू किंवा फॉल्सऐवजी एनए (नोंद नाही) आलं. आणि अट कडक करून एकच तालुका उरला तेव्हा पुढचा सगळा कोड बंद पडला.

तीन वेगळ्या अडचणी आहेत. तिन्ही सुटतात, पण मधली, एनएची, ही माझ्या मते खरी अडचण आहे. तिच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तिथे आर चूक दाखवत नाही आणि उत्तर मात्र चुकतं.

कोडमधली नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करा. तुमच्या मॅट्रिक्सला मी म म्हणते.

आधी ते १३४०. आर मॅट्रिक्स साठवतं ते कॉलमवार. पहिला कॉलम वरून खाली, तो संपला की दुसरा, मग तिसरा, अशी एकच लांब रांग. ही पद्धत फोरट्रान या जुन्या संगणकीय भाषेपासून चालत आली आहे आणि आरमागची मॅट्रिक्सची बरीचशी जुनी गणितयंत्रणा फोरट्रानमध्येच लिहिलेली आहे. व्हिच(म >= ४२) त्या लांब रांगेतला क्रमांक सांगतं. तुमच्या रांगेत ६१ गुणिले २५, म्हणजे १५२५ घरं आहेत. १३४० मधून १ वजा करा, ६१ ने भागा: भागाकार २१, बाकी ५८. दोन्हींत एकेक मिळवलं की २२वा कॉलम आणि ५९वी ओळ. एप्रिलचे ३० दिवस सोडले तर ५९वी ओळ म्हणजे २९ मे. म्हणजे तुमच्या २२व्या तालुक्यात २९ मे रोजी पारा ४२ किंवा वर होता, एवढंच ते १३४० सांगत होतं.

हा हिशेब हाताने करायची गरज नाही. व्हिच(म >= ४२, एआरआर.इंड = ट्रू) असं लिहिलं की ओळ आणि कॉलम असे दोन रकाने मिळतात. त्यातला कॉलमचा रकाना घेऊन त्यावर युनिक लावलं की एकदा तरी ४२ गाठलेले तालुके हाती येतात. उत्तर बरोबर येतं, पण मी हा रस्ता सहसा धरत नाही. त्यात आपण आधी एकेक घर शोधतो आणि मग घरांवरून कॉलमकडे परत येतो. तुम्हाला विचारायचं आहे कॉलमबद्दल, तर प्रश्न कॉलमलाच विचारावा.

त्यासाठी काम तीन टप्प्यांत तोडते. पहिला टप्पा: अट संपूर्ण मॅट्रिक्सला एकदम लावायची.

उष्ण <- म >= ४२

आता उष्ण हे ६१ बाय २५ चंच मॅट्रिक्स आहे, पण घरात तापमानाऐवजी ट्रू किंवा फॉल्स. दुसरा टप्पा: प्रत्येक कॉलममधले हे ट्रू-फॉल्स गोळा करून त्या कॉलमचं एकच उत्तर काढायचं. तिसरा टप्पा: त्या २५ उत्तरांच्या आधारे कॉलम उचलायचे. लोक हे तिन्ही टप्पे एका ओळीत कोंबतात. मग उत्तर चुकलं की कुठे चुकलं ते सापडत नाही. उष्ण वेगळं ठेवलंत तर ते छापून पाहता येतं, आणि डोळ्यांना जे दिसतं ते कुठल्याही समजुतीपेक्षा खात्रीचं.

दुसऱ्या टप्प्यावर तुमच्या वाक्यातला प्रत्येक शब्द मोलाचा आहे. 'एकदा तरी' म्हणजे एनी. 'सगळे दिवस' म्हणजे ऑल. 'निदान दहा दिवस' म्हणजे मोजणी. मोजणीला कोलसम्स(उष्ण) पुरतं, कारण बेरजेत ट्रू म्हणजे १ आणि फॉल्स म्हणजे ०. कोलसम्स(उष्ण) > ० म्हणजे एकदा तरी, कोलसम्स(उष्ण) >= १० म्हणजे निदान दहा दिवस. पहिल्यासाठी अप्लाय(उष्ण, २, एनी) हेही चालतं. त्यातला २ म्हणजे कॉलम, १ म्हणजे ओळ. नेम्स(व्हिच(कोलसम्स(उष्ण) > ०)) लिहिलं तर क्रमांकांऐवजी थेट तालुक्यांची नावं येतात, आणि अहवालात नावंच लिहावीत. उद्या कुणी कॉलमांचा क्रम बदलला तर क्रमांक खोटा ठरेल, नाव ठरणार नाही.

'सलग पाच दिवस' मात्र यापैकी कशातच बसत नाही, आणि तुमच्या कामात तोच शब्द महत्त्वाचा आहे. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा पाहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. घड झाडावर असताना एखादा दिवस ४४ गेला आणि दुसऱ्या दिवशी उतरला तर बाग सावरू शकते. आठवडाभर तेच राहिलं, वर उष्ण वारे सुटले, की पानं करपतात, घड सटकतात. दहा उष्ण दिवस दोन महिन्यांत विखुरलेले असणं आणि तेच दहा दिवस ओळीने येणं, यांचा बागेवरचा परिणाम एक नाही. हवामान आधारित फळपीक विम्यातही सलग दिवसांच्या अटी असतात त्या याचसाठी. किती अंश आणि किती दिवस, हे त्या-त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहून घ्या. इथले ४२ आणि ५ मी तुमच्या प्रश्नातून घेतले आहेत.

सलगता मोजायला आरमध्ये आरएलई आहे. एखाद्या कॉलममधले ट्रू-फॉल्स त्याला दिले की ते एकसारख्यांचे गट पाडतं आणि प्रत्येक गटाची लांबी व किंमत सांगतं. तीन फॉल्स, मग सहा ट्रू, मग दोन फॉल्स, असं. आपल्याला ट्रूचा एखादा गट पाच किंवा जास्त लांबीचा आहे का एवढंच विचारायचं आहे:

सलग <- फंक्शन(क्ष, किती) {
  र <- आरएलई(क्ष)
  एनी(र$लेंग्थ्स[र$व्हॅल्यूज] >= किती)
}

मग अप्लाय(उष्ण, २, सलग, किती = ५). एखाद्या तालुक्यात एकही ट्रू नसेल तर कंसातली यादी रिकामी होते आणि रिकाम्या यादीवर एनी फॉल्स देतं. आपल्याला तेच हवं आहे.

हे सगळं नोंदी पूर्ण असतील तर. आता एनए.

एनए म्हणजे 'नाही' नव्हे, शून्यही नव्हे. एनए म्हणजे त्या दिवशी पारा कुठे होता ते माहीत नाही. आर हे फार प्रामाणिकपणे पाळतं. फॉल्स आणि एनए यांवर एनी लावलं तर उत्तर एनए, कारण तो अज्ञात दिवस कदाचित ट्रू असेल. ट्रू आणि एनए यांवर एनी लावलं तर उत्तर ट्रू, कारण एक ट्रू सापडला, आता अज्ञाताने फरक पडत नाही. ऑलचं याच्या उलट: फॉल्स आणि एनए मिळून फॉल्स, ट्रू आणि एनए मिळून एनए. तुमच्या काही तालुक्यांपुढे एनए आलं ते यामुळे. आर तुम्हाला म्हणत होतं, 'एवढ्या नोंदींवर मी सांगू शकत नाही.' ते उत्तर चुकीचं नव्हतं.

अशा वेळी बहुतेक जण एनए.आरएम = ट्रू, म्हणजे एनए गाळून हिशेब कर, असं लिहून मोकळे होतात. एनए गेले, ट्रू-फॉल्स आले, काम झालं असं वाटतं. मीही तसं केलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कामात तापी काठच्या काही ठिकाणांच्या तापमानाच्या नोंदी माझ्याकडे होत्या. कुठे जास्त उष्णता झाली याची यादी काढायची होती. मी एनए.आरएम लावलं, यादी काढली, दिली. एक ठिकाण यादीत नव्हतं, आणि ते पाहून तिथल्याच एका शेतकऱ्याने विचारलं, 'ताई, आमच्याकडे ऊन पडलंच नाही का?' नोंदी उघडून पाहिल्या तर मे महिन्यातले १९ दिवस तिथे रिकामे होते. यंत्र बंद होतं. नेमक्या सर्वात तापलेल्या दिवसांत बंद होतं. माझ्या कोडने ते १९ दिवस गाळले आणि उरलेल्या दिवसांवरून 'अट पूर्ण नाही' असं ठामपणे सांगितलं. त्या माणसाचा प्रश्न मी आजही विसरलेली नाही. रिकाम्या नोंदीचा अर्थ 'ऊन नव्हतं' असा लावणं ही चूक मी केली होती, आरने नाही.

एनए.आरएमचा आणखी एक धोका आहे आणि तो याहून विचित्र आहे. एखादा कॉलम संपूर्ण रिकामा असेल आणि त्यावर ऑल एनए.आरएम = ट्रू सह लावलं, तर उत्तर येतं ट्रू. गाळल्यानंतर काहीच उरत नाही, आणि काहीच नसलेल्या यादीतलं 'सगळं' अटीत बसतं असं तर्कशास्त्र मानतं. म्हणजे ज्या तालुक्याची एकही नोंद नाही तो 'दोन्ही महिने रोज ४२ च्या वर' म्हणून यादीत येतो. त्याच रिकाम्या कॉलमचं मॅक्स तसंच एनए गाळून काढलं तर उणे अनंत येतं, सोबत एक इशारा येतो, आणि तो इशारा बहुतेक वेळा कुणी वाचत नाही. कोलसम्स ० देतं, सरासरी काढणारं कोलमीन्स एनएएन (आकडाच नाही) देतं. एकच रिकामा कॉलम, चार फंक्शनं, चार उत्तरं.

मग करायचं काय? मी आता नेहमी एकच पद्धत वापरते: प्रश्न दोनदा विचारते. एकदा सगळे अज्ञात दिवस फॉल्स मानून, म्हणजे त्या दिवशी ऊन नव्हतंच असं धरून. एकदा सगळे अज्ञात दिवस ट्रू मानून, म्हणजे त्या दिवशी पारा ४२ च्या वरच होता असं धरून.

कमी <- उष्ण
कमी[इज.एनए(उष्ण)] <- फॉल्स
जास्त <- उष्ण
जास्त[इज.एनए(उष्ण)] <- ट्रू
नक्की <- अप्लाय(कमी, २, सलग, किती = ५)
शक्य <- अप्लाय(जास्त, २, सलग, किती = ५)

नक्कीमध्ये ज्याच्यापुढे ट्रू, त्या तालुक्यात रिकाम्या दिवसांत काहीही झालं असलं तरी अट पूर्ण झालेली आहे. शक्यमध्ये ज्याच्यापुढे फॉल्स, तिथे रिकामे दिवस सगळे तापलेले धरले तरी अट पूर्ण होत नाही. नक्कीत फॉल्स आणि शक्यमध्ये ट्रू, असे जे उरतात, त्यांच्याबद्दल या नोंदींवरून सांगता येत नाही. व्हिच(शक्य & !नक्की) लिहिलं की ती यादी मिळते. ती यादी अहवालात वेगळी छापा. तिच्यातल्या तालुक्यांसाठी शेजारच्या केंद्राच्या नोंदी मागवा, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारा, तिथल्या लोकांना विचारा. २५ तालुक्यांत असे दोन-तीनच निघतात असा माझा अनुभव आहे. दोन-तीन ठिकाणी चौकशी करणं अवघड नाही; सरसकट गाळणं मात्र अन्यायाचं आहे.

एक मर्यादा सांगून ठेवते. ही पद्धत चालते ती ट्रू वाढले की अट पूर्ण व्हायची शक्यता फक्त वाढत असेल तेव्हाच. 'निदान पाच', 'सलग पाच', 'एकदा तरी' या सगळ्या तशा आहेत. 'बरोबर तीन दिवस' ही अट तशी नाही. तिथे सगळे रिकामे दिवस ट्रू धरले तर मोजणी तीनच्या पुढे निघून जाईल आणि शक्य असलेला तालुकाही फॉल्स दिसेल. तिथे दोन मोजण्या काढा, कमीतकमी किती आणि जास्तीत जास्त किती, आणि तीन हा आकडा त्या दोहोंच्या मध्ये बसतो का ते पाहा.

रिकाम्या नोंदी भरण्याआधी त्या खरोखर एनए म्हणून आल्या आहेत का तेही तपासा. काही फाइलींत रिकाम्या जागी ९९.९ किंवा उणे ९९९ लिहिलेलं असतं. ९९.९ हे ४२ पेक्षा जास्त आहे, म्हणून यंत्र बंद असलेला प्रत्येक दिवस 'उष्ण' ठरेल. रेंज(म, एनए.आरएम = ट्रू) एकदा छापा. वरचा आकडा ४८-४९ च्या पुढे दिसला तर थांबा.

याच्याहून लपलेली चूक म्हणजे ओळच नसणं. समजा १५ एप्रिलची नोंद कुठल्याच तालुक्याची आली नाही आणि फाइल बनवणाऱ्याने ती तारीखच वगळली. आता १४ एप्रिल आणि १६ एप्रिल या लागोपाठच्या ओळी आहेत. आरएलईला तारखा माहीत नसतात. ते दोन्ही दिवस सलग धरेल. एनए दिसणारच नाही, कारण घरच नाही. ओळींच्या तारखांवर डिफ लावून प्रत्येक फरक १ आहे ना ते पाहा. नसेल तर गाळलेल्या तारखांच्या ओळी एनए भरून आधी घाला, मग पुढचं.

आता तालुक्यागणिक वेगळी मर्यादा असेल तर. ४२ सर्वांना सारखं असेल तोवर प्रश्न नाही. पण धडगावची सातपुड्यातली वस्ती आणि भुसावळ यांना एकाच मापाने मोजायचं का, हा विचार तुम्ही कधीतरी करालच. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषातही सरासरीशी तुलना आहे: मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंशांवर पोचलेलं असेल आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट, त्याही पुढे गेलं तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, ४५ गाठलं तर लाट आणि ४७ गाठलं तर तीव्र लाट.

समजा २५ तालुक्यांच्या सरासरी कमाल तापमानाची यादी तुमच्याकडे सरासरी या नावाने आहे. हात आपोआप म - सरासरी लिहायला जातो. तसं लिहू नका. आर यादीतले आकडे कॉलमवार रांगेने लावत जातं, म्हणजे पहिल्या तालुक्याच्या पहिल्या दिवसातून पहिल्या तालुक्याची सरासरी वजा होते, त्याच तालुक्याच्या दुसऱ्या दिवसातून दुसऱ्या तालुक्याची, तिसऱ्यातून तिसऱ्याची. २५ संपले की पुन्हा पहिल्यापासून. यादीची लांबी जुळत नसेल तर आर एरवी इशारा देतं, पण इथे कधीच देणार नाही, कारण १५२५ ला २५ ने नेहमीच पूर्ण भाग जातो. कॉलमांइतकी लांब यादी असली की हे असंच होणार, ओळी कितीही असोत. बरोबर रीत ही:

फरक <- राउंड(स्वीप(म, २, सरासरी), १)
लाट <- (म >= ४० & फरक >= ४.५) | म >= ४५

स्वीपला काहीच सांगितलं नाही तर ते वजाबाकी करतं. राउंड लावलं आहे ते मुद्दाम: दशांश अपूर्णांकांची वजाबाकी संगणकात काटेकोर नसते, ४.५ च्या जागी ४.४९९९९ येऊन तालुका अटीबाहेर जाऊ शकतो. आणि & एकदाच लिहा. दोनदा लिहिलेलं && हे एकाच घराच्या तुलनेसाठी आहे. ४.३.० आवृत्तीपासून आर तिथे चूक दाखवून थांबतं. जुन्या आवृत्त्या फक्त पहिलं घर तपासून पुढे जायच्या, आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतल्या संगणकांवर जुन्या आवृत्त्या अजून सापडतात. तुमच्याकडे रोजची वेगळी सरासरी असेल, म्हणजे तीही ६१ बाय २५ चं मॅट्रिक्स असेल, तर स्वीपची गरज नाही, सरळ वजा करा.

तिसरी अडचण, एकच तालुका उरल्यावर कोड बंद पडणं. म[, नक्की] लिहिल्यावर दोन किंवा जास्त कॉलम निघाले तर मॅट्रिक्स मिळतं. एकच निघाला तर आर त्याची मिती काढून टाकतं आणि साधा व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची एकच रांग, देतं. पुढच्या कोलसम्सला मॅट्रिक्स हवं असतं, म्हणून ते अडतं. म[, नक्की, ड्रॉप = फॉल्स] लिहा. आणखी एक स्वल्पविराम आणि एक सूचना, एवढीच दुरुस्ती. निवडीची अट डेटावर ठरत असेल तिथे मी ड्रॉप = फॉल्स न विचार करता लिहिते, कारण किती कॉलम निघतील ते आधी कुणालाच माहीत नसतं. शून्य निघाले तरी ६१ बाय ० चं मॅट्रिक्स मिळतं आणि कोड चालू राहतो.

अटीत न बसणारे कॉलम हवे असतील तर म[, !नक्की, ड्रॉप = फॉल्स]. म[, -व्हिच(नक्की)] असं लिहू नका. एकही तालुका अटीत बसला नाही तर व्हिच रिकामं येतं, उणे रिकामं म्हणजेही रिकामंच, आणि सगळे २५ तालुके मिळायच्या ऐवजी एकही मिळत नाही. पावसाळी वर्षात, म्हणजे सगळं ठीक असताना, कोड सगळं पुसून टाकतो.

तुमचा डेटा खरोखर मॅट्रिक्स आहे ना, तेही पाहा. फाइलमधून वाचलेला डेटा हा डेटाफ्रेम असतो, आणि त्यात तारखेचा किंवा नावाचा एक जरी अक्षरी कॉलम असेल तर अप्लाय आधी सगळ्याचं अक्षरी मॅट्रिक्स करतं. मग तुलना आकड्यांची राहत नाही, अक्षरांची होते. पावसाच्या नोंदींवर याचा फटका मोठा बसतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि ११० मिलिमीटरचा दिवस अक्षर म्हणून ६५ पेक्षा लहान ठरतो, कारण १ हे ६ च्या आधी येतं. पांझरा नदीला पूर आणणारा दिवस यादीतून गायब. तारखेचा कॉलम बाजूला काढा, उरलेल्याचं ॲज.मॅट्रिक्स करा, आणि इज.न्यूमेरिक(म) ट्रू येतं ना ते पाहा. डेटाफ्रेमच ठेवायची असेल तर अप्लायऐवजी व्हीअप्लाय वापरा. ते प्रत्येक कॉलम जसा आहे तसा घेतं आणि उत्तर ठरल्या प्रकाराचं नसेल तर थांबतं.

वेगाची काळजी २५ कॉलमांना करू नका. हजारो कॉलम झाले तर कोलसम्स हे अप्लायपेक्षा बरंच जलद आहे, आणि मॅट्रिक्सस्टॅट्स या पॅकेजमध्ये कोलएनीज, कोलऑल्स, कोलकाउंट्स अशी तयार फंक्शनं आहेत. नंतर पायथनकडे गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा: त्यातल्या नमपाय या गणिताच्या पॅकेजमध्ये कॉलमवार उत्तरासाठी ॲक्सिस = ० लिहावं लागतं. आरमध्ये २ म्हणजे कॉलम, तिथे ०. आरमधून गेलेले जवळजवळ सगळे पहिल्या आठवड्यात इथे अडखळतात.

खऱ्या डेटावर हे चालवण्याआधी हाताने भरलेलं छोटं मॅट्रिक्स घ्या, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. सात दिवस, पाच तालुके. आकडे मी बनवलेले आहेत, प्रत्येक कॉलम एका वेगळ्या चुकीला पकडण्यासाठी.

रावेर: ४१, ४२, ४३, ४३, ४४, ४२, ४०.
यावल: ४३, ४३, ४४, ४३, ४१, ४३, ४३.
चोपडा: ४३, ४३, एनए, ४३, ४३, ४१, ४०.
बोदवड: एनए, ३९, एनए, ४०, एनए, ४१, ४०.
मुक्ताईनगर: सातही दिवस एनए.

रावेरचं उत्तर नक्की हो यायला हवं; त्यात ४२ नेमके दोनदा आहेत, म्हणून >= च्या जागी > लिहिलं असेल तर इथेच कळेल. यावलमध्ये उष्ण दिवस सहा आहेत पण ओळीने चारच, म्हणून उत्तर नाही. हो आलं तर तुम्ही सलगता न मोजता नुसती मोजणी केली आहे. चोपड्यात मधला एक रिकामा दिवस सगळं ठरवतो, म्हणून सांगता येत नाही. बोदवडमध्ये तीन नोंदी नाहीत, तरीही उत्तर ठामपणे 'नाही' असंच यायला हवं, कारण ते तिन्ही दिवस तापलेले धरले तरी सलग पाच होत नाहीत. मुक्ताईनगर: सांगता येत नाही. हे पाचही जुळले की तुमचे २५ तालुके त्यात घाला, आणि 'सांगता येत नाही'मध्ये कोणते तालुके आले तेवढं मला कळवा. त्या नोंदी कशा भरून काढायच्या ते आपण एकेक तालुका घेऊन पाहू.